आवाज नाही म्हणजे नाही

गाडीत आवाज आहे असं गाडी विकणारा माणूस स्वतःच्या तोंडानं सांगत होता, आणि सुरेंद्रच्या डोक्यात तिडीक गेली ती नेमकी त्यामुळेच. "काका, आधीच सांगतो हां," पिंटू म्हणाला, "उजव्या बाजूला टायमिंग चेनचा आवाज हाय. टिकटिक. बारीक हाय, पण हाय. मागनं तुमी म्हणाल, पिंट्यानं सांगितलं न्हाई." इंजिन चालू होतं. सुरेंद्रनं हेल्मेट काढून हँडलला अडकवलं, गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि उजवा कान इंजिनापासून वीतभर अंतरावर नेला. दोन सिलिंडरांची भरीव घरघर, सायलेन्सरचा ठोका, पंख्याची घूं. बाकी काही नाही. इतकं स्वच्छ इंजिन त्यानं कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. तो सरळ झाला, कंबर दाबली आणि म्हणाला, "आवाज नाही." पिंटू गोंधळला. "काका, हाय वो." "आवाज नाही म्हणजे नाही. सत्तावीस वर्षं मी हेच करतोय पिंटू, मला शिकवू नकोस." पिंटूनं सुरेंद्रच्या लेकीकडं, ऋताकडं पाहिलं, ऋतानं तिच्या ग्रुपातल्या केयूरकडं, आणि केयूरनं मोबाइल खिशातून काढून उगाच त्याच्याकडं. गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसलेले पिंटूचे वडील दादासाहेब तेवढे खाकरले, पण ते रोजच खाकरायचे.

चिखलीतला हा गोठा. दादासाहेबांच्या म्हशी गेल्या, जमिनीवर इमारती उठल्या, आणि पिंटूनं गव्हाणी फोडून फरशी घातली, पांढरे दिवे लावले आणि जुन्या मोठ्या बाइकचा बाजार मांडला. पोरगं वाईट नव्हतं. पण सुरेंद्रला त्याचा डाव बरोबर कळला होता. कारखान्याच्या लायनीवर त्याच्या उमेदवारीच्या काळात सुपरवायझर लोक ही खोडी काढत. ठणठणीत गाडी तपासणीच्या रोलरवर पाठवायची आणि टेस्टरला सहज म्हणायचं, "ह्यात टॅपेटचा आवाज आहे, बघ जरा." कच्चा माणूस घाबरून मान डोलवायचा, हो साहेब, आहे साहेब, आणि मग महिनाभर चहाच्या वेळी त्याची रेवडी उडायची. सुरेंद्र एकदाही फसला नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्यानं साहेबाच्या तोंडावर सांगितलं होतं, आवाज नाही, तुम्हीच कान तपासा. त्या दिवसापासून चाकणच्या त्या अख्ख्या कारखान्यात त्याला 'कान' हेच नाव पडलं. आणि हा कालचा पिंट्या त्यालाच जोखायला निघाला होता! तेही ऋतासमोर, केयूरसमोर. निगडीच्या त्यांच्या ग्रुपात वीस-बावीस गाडीवेडे होते आणि त्यातला एकही जण सुरेंद्रकाकांनी फिरवून पाहिल्याशिवाय गाडी घेत नसे. नवी असो, जुनी असो, आधी काका एकटे दहा-बारा किलोमीटर चालवणार, येऊन एक शब्द बोलणार, आणि त्यावर व्यवहार ठरणार. "काकांच्या कानाखालून गेली का गाडी?" असं पोरं एकमेकांना विचारत आणि खिदळत. सुरेंद्रला ते आवडे. नाही कशाला म्हणा, फार आवडे.

आणि आज तर गाडी ऋतासाठी होती. त्याच्या ऋतासाठी. सव्वीस वर्षांची पोरगी, तीन वर्षं पगारातून बाजूला टाकत टाकत तिनं ही गाडी मनात धरली होती, आणि येत्या गुरुवारी ती, केयूर आणि आणखी चौघं हिमालयात स्पितीला निघणार होते. जाऊन येऊन पाच हजार किलोमीटर, निम्मा रस्ता म्हणजे एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. अरुंधतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, महिनाभर आदळआपट करून शेवटी एवढंच म्हटलं होतं, "तू स्वतः बघून घेतलीस गाडी, तर जाऊ दे तिला." म्हणून तर हा रविवार. त्यानं हेल्मेट चढवलं, टांग टाकली. "मी येतो फिरवून," तो म्हणाला. ऋता जवळ आली. काहीतरी बोलली. हेल्मेटमध्ये कुठं काय ऐकू येतं? त्यानं मान हलवली आणि गाडी बाहेर काढली.

स्पाइन रोडला लागेपर्यंत त्याचा राग उकळतच होता, पण गाडीनं तो हळूहळू हातात घेतला. काय गाडी होती! क्लच बोटाच्या टोकावर सुटत होता. तिसऱ्यात तीस किलोमीटरवरून मूठ पिळली तरी न कुरकुरता उचलत होती. पोटाखाली ते वजन, मांड्यांमध्ये टाकीचा गरम फुगा, खड्डा आला की मागचा शॉकअप एकदा खाली बसून शहाण्यासारखा वर येत होता. त्रेपन्नाव्या वर्षीही असं काही अंगाखाली आलं की सुरेंद्रला पोटात गुदगुल्या होत. दिवसभर रोलरवर गाड्या चालवायच्या त्या जागच्या जागी. चाकं ऐंशीनं फिरताहेत, पण तोंडावर वारा नाही, समोर भिंत, भिंतीवर सुरक्षेचा फलक. सत्तावीस वर्षांत त्यानं किती लाख किलोमीटर चालवले असतील, आणि त्या भिंतीपासून एक फूटही पुढं सरकला नव्हता. म्हणून तर रविवार लागायचा. म्हणून तर ऋताला टाकीवर बसवून तो पहाटे लोणावळ्यापर्यंत घेऊन जायचा, ती पाच-सहा वर्षांची असल्यापासून. "सांग, कुठून आवाज येतोय?" हा त्यांचा खेळ. ती डोळे मिटून सांगायची, साखळी. मडगार्ड. आरसा. आणि तो म्हणायचा, शाब्बास, किंवा म्हणायचा, छे, काही नाही, तुझ्या मनाचे खेळ. मोठी झाल्यावर तिनं सांगणंच सोडलं. कधी सोडलं? त्याला आठवेना.

ती काय बोलली असेल निघताना? हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला तो मोशीच्या चौकात सिग्नलला. समोर नाशिक रस्त्यावर कंटेनरांची रांग. रविवार असून नसल्यासारखा, गाड्या भरून चाकणहून निघालेल्या. तिनं केयूरकडं का पाहिलं? पिंटूचा डाव होता तर ऋता हसायला हवी होती. ती त्याची मुलगी, तिला हे डाव माहीत आहेत, त्यानंच दहा वेळा सांगितलेत. आणि केयूर. बोलघेवडं पोरगं, हिंजवडीतल्या कंपनीची सगळी गाऱ्हाणी रविवारी इथं येऊन ओकणारं, ते मोबाइलमध्ये का शिरलं? सुरेंद्रला एकाएकी त्या तिघांचा संताप आला. शहाणे समजतात स्वतःला. आजकालची पोरं बोलतात तरी कशी, तोंडातल्या तोंडात, ओठ न हलवता. माणसानं ऐकायचं कसं? घरी अरुंधतीचंही तेच. स्वयंपाकघरात तोंड करून बोलायचं आणि मग म्हणायचं, "तुला दोनदा सांगितलं." टीव्ही मोठा केला की ओरड. परवा तर कहर झाला. "कुकर बंद कर म्हटलं होतं ना तीन शिट्ट्यांनी? सात झाल्या!" तो तिथंच, ओट्यापासून चार पावलांवर पेपर वाचत बसला होता. "तुझ्या कुकरची शिट्टी बिघडलीय," तो म्हणाला. "वाजतच नाही ती." अरुंधती हातात पक्कड धरून त्याच्याकडं नुसती बघत राहिली होती. डाळीचा पार चिखल झाला होता.

सिग्नल सुटला. मागून कुणीतरी हॉर्न मारत असावं, कारण शेजारचा रिक्षावाला हात नाचवून त्याला पुढं हाकत होता. सुरेंद्र निघाला, पण महामार्गाला न वळता तसाच डाव्या अंगाला घेऊन थांबला. घामानं पाठ भिजली होती. गेल्या दिवाळीत ऋताच्या स्कूटरचं झालं होतं. ती म्हणाली, बाबा, ब्रेक लावला की किंचाळतो. त्यानं फिरवून पाहिली, म्हणाला, काही नाही, मस्त आहे. महिन्यानं गॅरेजवाल्यानं पॅड काढून दाखवले, कागदासारखे झालेले. त्यानं गॅरेजवाल्यालाच झाडलं होतं, तुम्ही लोक पैसे काढायला काहीही दाखवता. ऋता तेव्हाही गप्प. अशी ती गप्प किती वेळा बसली असेल, ह्याचा हिशेब त्याला नको होता. त्यानं तो झटकायला पाहिला. पण ह्या गोष्टी एकदा सुरू झाल्या की एकामागून एक येतात आणि कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

आणि मग ती व्हॅन आली डोक्यात. दर वर्षी मार्चमध्ये कारखान्याच्या पार्किंगला उभी राहणारी कानांच्या तपासणीची पांढरी व्हॅन. आत काचेची पेटी, पेटीत स्टूल. हेडफोन लावायचा, हातात बटण धरायचं, आवाज आला की दाबायचं. पहिली काही वर्षं त्यानं सरळ दाबलं. मग एका वर्षी तो बसला आणि काही येईचना. मिनिट झालं, काही नाही. बाहेर टेबलाशी बसलेली बाई आपली यंत्रावर काहीतरी दाबतेय. आणि त्याच्या लक्षात आलं की ती दाबते तेव्हा तिचा उजवा खांदा किंचित वर जातो. झालं. खांदा वर गेला की दाब. कधी मध्येच एक सोडून द्यायचं, म्हणजे संशय नको. कागदावर आलं, 'नॉर्मल'. पुढल्या वर्षी दुसरी बाई, तिचं पेन हलायचं. नंतरच्या वर्षी एक पोरगा, तो भुवई उडवायचा. सुरेंद्रला ते शोधण्यात मजा वाटायला लागली होती. देवाशप्पथ, मजा! रांगेत मागं उभ्या असलेल्या पोरांना तो डोळा मारायचा. त्यानं स्वतःला सांगितलं होतं की यंत्रं भंगार आहेत, असले चीं-चीं आवाज इंजिनात असतात कुठं? सहा वर्षं. सहा कागद, सहाही 'नॉर्मल', घरी फायलीत लावून ठेवलेले.

कानात घालायची नारिंगी बुचं मिळायची, दोरीला बांधलेली, सही घेऊन द्यायचे. ती घालून कुठला टेस्टर टॅपेट पकडणार? सुटलेला एक आवाज बाहेर गेला तर तुमच्या नंबराची चिठ्ठी परत येते. म्हणून सगळे जुने टेस्टर एकच करत. बुचं कॉलरमध्ये खोचायची आणि दोरी तेवढी हेल्मेटखाली दिसेल अशी सोडायची. सेफ्टीवाला काचेतून दोरी बघायचा आणि पुढं जायचा. त्यालाही माहीत, ह्यांनाही माहीत. नव्या पोरांना हे सुरेंद्रनंच शिकवलं होतं. "कान उघडे ठेवा रे, तेच आपलं भांडवल," असं वर तोंड करून. रोलरच्या त्या बंद खोलीत दिवसाला शेकडो इंजिनं, हेल्मेट कपाळावर सरकवलेलं, कान उघडे. मूर्ख! कुणावर ओरडायचं आता? कंपनीवर? कंपनी बुचं देत होती, व्हॅन आणत होती, तिच्याकडं त्याच्या सह्या होत्या आणि सहा वर्षांचे कागद होते. सगळे पुरावे त्यानंच आपल्या हातानं खोटे करून ठेवले होते. रागाला बसायला कुठं जागाच सापडत नव्हती, आणि त्यामुळं तो अजूनच वाढत होता.

त्यानं गाडी बाजूच्या कच्च्यावर घेतली. तिथं एका गोणपाटावर पेरूंचे ढीग लावून एक म्हातारी बसली होती, डोईवर छत्री खोचलेली. सत्तरीच्या पुढची असावी. सुरेंद्रनं गाडी स्टँडला लावली, इंजिन चालूच ठेवलं, हेल्मेट काढलं, आणि रस्त्यावरची रहदारी ओसरायची वाट बघत उकिडवा बसला. उजवीकडं कान. मग डावा कान. घरघर. ठोका. बाकी शांत. इतकं शांत की त्याचा ऊर भरून आला, नाही, नाहीच आवाज, पिंट्या खोटारडा आहे. तेवढ्यात म्हातारीनं त्याच्या दिशेनं पेरूचा देठ भिरकावला. "आरं ए बाबा," ती म्हणाली, आणि चांगलं मोठ्यानं म्हणाली, "बंद कर की ती आधी. काय टिकटिक लावलीया कानाशी!" सुरेंद्र तसाच बसून राहिला. "कसली टिकटिक, आजी?" "कसली म्हंजे? गाडीची तुज्या. शिवणाच्या मशिनीवाणी वाजतीया, तुला ऐकू येईना व्हय?" शेजारी नारळपाणीवाला होता, तो हसून म्हणाला, "गोजाबाई, मेकॅनिक हायेत ते, बघत्यात." "मेकॅनिक हाय तर दुरुस्त कर म्हणावं. डोस्कं उठलं माजं."

त्यानं हातमोजा काढला आणि उजव्या झाकणावर पंजा ठेवला. चटका बसला. त्यानं हात काढला नाही. आधी नुसती थरथर, मग त्या थरथरीच्या आत, मधल्या दोन बोटांच्या टोकांना, काहीतरी आपटत होतं. बारीक, नियमित, रेस केली की जलद होणारं. इंजिनातली टायमिंगची सैल साखळी. आवाज नव्हताच त्याच्यासाठी. नुसतं टोचणं होतं बोटांना. तो हात काढून बघत बसला. दोन बोटं लाल झाली होती. आणि त्याला प्रज्वल आठवला. त्याच्याच हाताखालचं पोरगं, तीन वर्षांपूर्वी ट्रॅकवर नव्वदच्या वेगात असताना ही साखळी तुटली, इंजिन जागेवर आवळलं, मागचं चाक थांबलं आणि पोरगं गाडीच्या पुढं जाऊन पडलं. जबडा तारांनी बांधला होता. दोन महिने नळीनं ताक प्यायला. ती गाडी रोलरवर कुणी पास केली होती हे कुणीही कधी विचारलं नाही. सुरेंद्रनंही नाही. तो ताकाचा डबा घेऊन जात राहिला फक्त. सपाट ट्रॅकवर, भोवती गवत असताना असं झालं होतं. स्पितीला गवत नव्हतं.

पेरू घेतले त्यानं. का घेतले कोण जाणे, किलोभर. गोजाबाईनं पिशवीत एक जास्त टाकला आणि गाडी बंद केल्याबद्दल त्याला शंभर वर्षं आयुष्य दिलं. परतीच्या रस्त्यावर तो चाळीसच्या पुढं गेला नाही. मनात सगळं जुळवून झालं होतं. सांगायचं, गाडी गरम झाल्यावर आवाज वर आला. असं होतंच, थंड इंजिनात तेल जाड असतं, आवाज दबतो. हे ऐकायला इतकं खरं वाटत होतं की त्याचं त्यालाच पटायला लागलं. गाडी नापास. ऋता दुसरी बघेल, नाहीतर केयूरच्या मागं बसून जाईल. पोरगी वाचली आणि नाव राहिलं. ह्यात कुणाचं काय जातंय? पण वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकावर त्याला नव्यानं चीड येत होती. खांदा बघून बटण दाबणाऱ्या त्या माणसाची, जो आत्ता पुन्हा एकदा तेच करायला निघाला होता.

गोठ्यात शिरला तेव्हा सगळे उभे राहिले. पिंटूनं चहा मागवलेला होता. सुरेंद्रनं इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं, पेरूंची पिशवी दादासाहेबांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "आवाज आहे. गरम झाल्यावर आला. टायमिंग चेन, उजवीकडून. घ्यायची नाही."

"बघा!" केयूर ओरडलाच. "म्हटलं होतं ना, काकांच्या कानाखालून सुटत नाही काही!" पिंटूनं कपाळावर हात मारला. "आवो काका, मी सकाळपास्नं दुसरं काय सांगतोय!" पण तोही हसत होता, सुटल्यासारखा. दादासाहेब पेरू चाचपून बघत म्हणाले, "माणूस कसबी हाय." सुरेंद्रला वाटलं, झालं, सुटलो. मग ऋता पुढं आली. तिचा चेहरा असा उजळला होता की गाडी हातची गेल्याचं दुःख करणाऱ्या माणसाचा तो वाटेचना.

"म्हणजे होता ना आवाज?" ती म्हणाली. "बाबा, मला सकाळीच आला होता. निघताना मी तुला तेच म्हणत होते. तू नाही म्हणालास म्हणून मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मला नेहमी असंच होतं, नसलेले आवाज येतात." आणि ती हसली. "आज पहिल्यांदा खरा निघाला."

सुरेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाचा राग आला हे त्याला सांगता आलं नसतं. त्यानं पिंटूच्या हातातला चहाचा पेला झिडकारला, तो फरशीवर पडून फुटला. "काही नसलेले नाहीत!" तो ओरडला. "एकही नसलेला नव्हता! ब्रेकचा होता तोही खरा होता! सगळे खरे होते!" "बाबा, हळू, अरे काय झालं?" "हळू काय? मला ऐकू येत नाही! येत नाही ऐकू! मोशीला एक पेरूवाली म्हातारी मला सांगते, तुझी गाडी वाजतेय, आणि मी तिच्या तोंडाकडं बघतो! हा पिंट्या खरं सांगत होता आणि मी त्याला..." त्याला श्वास पुरला नाही. "सहा वर्षं झाली. जास्तच असतील. कुकरची शिट्टी येत नाही मला, ऋता. तुला काय सांगू मी? आणि तुला म्हणत होतो, तुझ्या मनाचे खेळ."

पिंटू खाली बसून काचा गोळा करायला लागला, दादासाहेबांनी त्याला हातानंच थांबवलं. ऋता बापाकडं बघत होती. ती रडत नव्हती, रागावली होती, हे सुरेंद्रला दिसलं. "मी तुझ्यामुळं आरशाचा स्क्रू सुद्धा स्वतःच्या मनानं आवळत नाही," ती म्हणाली, एकेक शब्द तोडून, त्याला कळावा म्हणून तोंड समोर धरून. "कळतंय तुला?" त्याला कळत होतं. त्याला उत्तर द्यायचं होतं, पण त्याच्या आधी केयूर मध्ये आला. बोलघेवडा केयूर, पण आत्ता त्याचा आवाज चाचरत होता.

"काका," तो म्हणाला, "मग माझी?"

कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. केयूरची गाडी बाहेर उन्हात उभी होती. गेल्या दिवाळीत घेतलेली, जुनीच, सुरेंद्रनं आळंदी रस्त्यावर फिरवून आणून एका शब्दात पास केलेली. गुरुवारी तीही जाणार होती. केयूरमागोमाग ग्रुपातले बाकीचे विचारणार होते, पूनम विचारणार होती, गणराज विचारणार होता, आणि उद्या सकाळी साडेसहाच्या शिफ्टला रोलरवर पहिली गाडी येणार होती, तिच्यावर त्याच्या नंबराची चिठ्ठी लागायची होती. कारखान्यातही जाऊन त्याला हेच ओरडावं लागणार होतं, आणि तिथं चहाचा पेला फोडून भागणार नव्हतं. पण ते उद्या. आत्ता हा पोरगा समोर उभा होता.

"चावी दे," सुरेंद्र म्हणाला. केयूरनं दिली. त्यानं ती बोटांत एकदा फिरवली, भाजलेल्या बोटांना ती टोचली, आणि मग त्यानं ती ऋतापुढं धरली. ती घेईना. "मी काय करू?" ती म्हणाली. "मला नाही येत." "येतं," सुरेंद्र म्हणाला. अजून तो ओरडतच होता, त्याला हळू येत नव्हतं. "बघतेस काय? चालू कर आणि ऐक. मला विचारू नकोस. माझ्याकडं बघूसुद्धा नकोस."

तिनं चावी हिसकावलीच त्याच्या हातातून. रागानं चालत उन्हात गेली, गाडी चालू केली, केस मागं बांधले आणि गुडघे टेकून बसली. आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. मूठ हातानं थोडी पिळली, सोडली, पुन्हा पिळली. केयूर नखं खात उभा होता. सुरेंद्र गोठ्याच्या दारातच थांबला, खांबाला पाठ लावून, डोळे मिटून. बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. फार वेळ गेला. मग इंजिन बंद झालं, एवढं त्याला कळलं, आणि ती खडीवरून त्याच्याजवळ आली.

"आहे," ऋता म्हणाली.

हे त्याला स्वच्छ ऐकू आलं.